दप्तरात नाही, वेलीत आहे

इतिहासातला पुरावा म्हटलं की तुम्हाला दप्तर, शिलालेख, फार तर नाणी आठवतील. द्राक्षाची वेल आठवणार नाही. म्हणून १९९७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेला जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांचा छोटा शोधनिबंध जरूर वाचा. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेरेडिथबाई प्राध्यापक, बॉवर्स त्यांचे संशोधक विद्यार्थी.

मूळ काम तसं रुक्षच: द्राक्षाच्या जातींची डीएनएवरून ओळख पटवायची, कारण एकाच जातीला गावोगाव निराळी नावं. त्यासाठी जमवलेल्या तक्त्यात भलतंच काही दिसलं. डीएनएतल्या प्रत्येक खुणेची वेलीकडे दोन रूपं असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेलं. बोर्दोची प्रसिद्ध काळी जात कॅबर्ने सोव्हिन्यॉन घ्या. तपासलेल्या ३० खुणांमध्ये तिचं एक रूप कॅबर्ने फ्राँशी जुळत होतं, दुसरं सोव्हिन्यॉन ब्लाँशी. म्हणजे काळ्या द्राक्षाच्या पालकांपैकी एक चक्क पांढरी जात! नावात इशारा होताच म्हणा. पण नुसत्या नावावरून वंशावळ मांडली असती तर कुठल्या गाईडने ती चालवून घेतली असती?

हे जमलं, कारण द्राक्ष बी पेरून नाही, काडी लावून वाढवतात. शतकांपूर्वीच्या त्या आईबापांचा डीएनए जवळजवळ जसाच्या तसा आजच्या बागेत उभा आहे.

मात्र यातली आई कोण आणि बाप कोण, हे या खुणा सांगत नाहीत. संकर कोणी मुद्दाम केला की आपोआप झाला, तेही नाही. संकर मुद्दाम केला होता का, हे शोधायचं तर परत बोर्दोची दप्तरंच उघडावी लागतात.