गळ्यावरची गाठ : गिलगिट ते कांगडा

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजची लढाईही हिमालयातलीच आहे, पण ती मिठाने जिंकली गेली. त्याच ओघात माझी एक चूकही मला कबूल करायची आहे.

१९८०च्या दशकात मी कॅप्टन असताना आमची पलटण हिमाचलात होती. तिथल्या खेड्यांत बऱ्याच वयस्कर बायांच्या गळ्याला मोठी गाठ दिसायची. तिकडे तिला घेंघा म्हणतात, आपण गलगंड म्हणतो. गावकरी म्हणत, ‘पहाडी पाणी है, साब.’

पाण्याला दोष देणारे ते पहिलेच नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर गिलगिटला होता. एकाच पाटाचं पाणी पिणाऱ्या गावांत वरच्या गावाला गलगंड कमी आणि खालच्या गावाला जास्त, असं त्याला दिसलं. पाण्यातल्या घाणीनेच हे होतं, असं त्याचं मत झालं आणि पडताळा घ्यायला त्याने तो गाळ स्वतः पिऊन पाहिला. गडी धाडसी खरा, पण मूळ कारण वेगळं होतं. पाऊस आणि बर्फ डोंगराची माती धुऊन नेतात, तिच्याबरोबर आयोडीन जातं, मग ते पिकात उतरत नाही. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जास्त राबते आणि फुगते.

आपल्याकडे हे पक्कं सिद्ध झालं कांगड्यात. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे लाखभर वस्तीचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एकाला साधं. १९६२पर्यंत आयोडीनच्या विभागांत गलगंड निम्म्यावर आला, साध्या मिठाच्या विभागात होता तसाच राहिला. त्याच साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९७३च्या अहवालावर रामलिंगस्वामींबरोबर देव आणि करमरकर ही मराठी नावंही आहेत, हे सांगताना मला बरं वाटतं.

आता माझी चूक. हा इतिहास मला तोंडपाठ होता आणि त्याचाच मला गर्व होता. आमच्या साताऱ्याकडच्या एका हवालदाराच्या मानेला उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. मी म्हणालो, ‘अरे, पहाडी पाणी आहे. आयोडीनचं मीठ खा, जाईल.’ तो म्हणाला, ‘जी साहेब,’ आणि गप्प बसला. साहेबांनी सांगितल्यावर तो डॉक्टरकडे कशाला जाईल? तीन महिन्यांत एकीच्या तीन गाठी झाल्या, संध्याकाळी ताप येऊ लागला, अंगावरची वर्दी ढिली झाली. तेव्हा कुठे मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. तो क्षय निघाला. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, ‘सर, ही गलगंड नव्हे, गंडमाळ.’

आपल्या आयुर्वेदाने हे दोन आजार फार पूर्वीच वेगळे सांगितले होते. युरोपात तर गंडमाळ राजाच्या स्पर्शाने बरी होते असं मानत. १७१२मध्ये लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला त्यासाठी राणी ॲनपुढे नेलं होतं. गुण आला नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२मध्ये दाखवला, तेव्हा खरा शत्रू समजला.

म्हणून नीट ऐका. गळ्याच्या पुढे, मधोमध असलेली आणि घोट गिळताना वरखाली होणारी गाठ बहुधा थायरॉईडची. बाजूच्या गाठी बऱ्याचदा घसा किंवा दात दुखल्याने येतात आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. ओसरली नाही, वाढत गेली, दगडासारखी कडक लागली, जागची हलली नाही, तर डॉक्टर गाठा. आवाज बसून राहणं, गिळायला त्रास, वजन घटणं, रात्री घाम, रेंगाळणारा ताप, हेही इशारेच. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी तर एक दिवसही दवडू नये. आणि श्वास कोंडत असेल, तर तडक इस्पितळ. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधं मोफत मिळतात.

आमचा हवालदार बरा झाला, सुभेदार होऊन निवृत्त झाला. दिवाळीला त्याचा फोन येतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण त्याचे ते तीन महिने मी वाया घालवले, हे मी विसरलेलो नाही. गाठ कसली आहे, हे ना साहेबाने ठरवावं, ना शेजाऱ्याने. ते डॉक्टरला ठरवू द्या.

जय हिंद.