सत्तर टक्क्यांची नोंद

दर वेळी आम्ही कर्ज, व्याज आणि बँकेच्या कागदांवर बोलतो. आज आकाशाच्या हिशेबावर बोलणार आहोत. हसू नका, हिशेबच आहे तो.

जयंत नारळीकर सर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले. त्यानंतरच्या बैठकीत एकीने विचारलं, "पेपरात मोठे शास्त्रज्ञ म्हणून फोटो आलाय, पण त्यांनी शोधलं काय?" आम्हाला कुणालाच धड सांगता आलं नाही. बी.ए.ला आमचा विषय इतिहास, त्यामुळे शोधाचा इतिहास वाचत गेलो. तो सुरू होतो एका बाईपासून.

हेन्रिएटा लेविट. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत काचेवर काढलेल्या ताऱ्यांच्या फोटोंवरून नोंदी करायच्या. मजुरी तासाला 30 सेंट. दुर्बिणीवर पुरुष, टेबलावर बाया, अशी तिथली वाटणी. त्यांना ऐकू कमी येत गेलं, पण नजर आणि वही पक्की होती. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. 1912 साली त्यांनी दाखवलं, की ज्याचा फेरा लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. आता बघा, लांबवर दिवा दिसतोय. तो किती वॉटचा आहे हे ठाऊक असेल, तर तो किती लांब आहे हेही सांगता येतं. लेविटबाईंनी ताऱ्यांचे वॉट काढून दिले. निबंध छापला गेला तो साहेबांच्या सहीने. नोंदी मिस लेविट यांनी केल्या, एवढं मात्र आत लिहिलेलं होतं. 1921 साली त्या कर्करोगाने गेल्या. पुढे एका स्वीडिश गणितज्ञाने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवायचं ठरवलं, तेव्हा त्याला कळलं की त्या हयात नाहीत.

त्याच मापावर उभं राहून एडविन हबल यांनी 1929 साली सांगितलं, की दीर्घिका एकमेकींपासून लांब जात आहेत, आणि जी जास्त लांब तिचा वेग जास्त. भोगीच्या भाकरीवर आपण तीळ लावतो. भाकरी टम्म फुगते तेव्हा तीळ चालत नाहीत, तरी त्यांच्यातलं अंतर वाढतं. तसं काहीसं.

मग कधीतरी सगळं एकत्र होतं का? बहुतेक म्हणाले हो, तिथूनच सुरुवात झाली. फ्रेड हॉएल आणि त्यांचे दोन साथी 1948 साली म्हणाले नाही, विश्वाला आरंभ नाही. ते पसरतं तसं नवं द्रव्य थोडंथोडं तयार होत राहतं. गंमत अशी, की समोरच्यांच्या मताला 'बिग बँग' हे नाव हॉएल यांनीच दिलं, तेही 1949 साली बीबीसीवरच्या रेडिओ भाषणात. म्हणजे रेडिओवर बोललेलं वाया जात नाही.

कोल्हापुरात जन्मलेले, काशीत वाढलेले नारळीकर केंब्रिजला या हॉएल यांचे विद्यार्थी झाले. 1964 साली, वयाच्या पंचविशीत, दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. दुसऱ्याच वर्षी आकाशात सगळीकडून येणारी एक मंद ऊब जाहीर झाली. महास्फोटाची धग म्हणून ती लोकांना पटली आणि हॉएल यांची बाजू पडली. नारळीकर मात्र मागे हटले नाहीत. 1993 साली हॉएल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारलेलं रूप मांडलं: विश्व आकुंचन-प्रसरण पावत पावत हळूहळू मोठं होतं.

आता खरी गोष्ट. 1998 साली दोन गटांनी लांबच्या फुटणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजला. तो अपेक्षेपेक्षा मंद निघाला, म्हणजे ते तारे आणखी लांब, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय. वाढवतंय कोण? हिशेब जुळवायला एक नोंद घातली गेली: डार्क एनर्जी, मराठीत कृष्ण ऊर्जा. ती विश्वाच्या जवळजवळ 70 टक्के धरावी लागते. 2011 साली या शोधाला नोबेल मिळालं, पण ती ऊर्जा म्हणजे काय, हे आजही ठाऊक नाही.

इथे आम्हाला आमचाच एक गट आठवला. वहीपेक्षा रोख 340 रुपये कमी भरली. सचिवाने 'किरकोळ खर्च' लिहून मेळ घातला. तीन महिन्यांनी कळलं, एकीचा हप्ता दोनदा लिहिला होता. तोवर अध्यक्षबाईंवर संशय गेला आणि त्यांनी बैठकीला येणं सोडलं. नोंद नवी घालायची की जुन्या तपासायच्या, हा प्रश्न म्हणूनच आम्हाला लहान वाटत नाही.

नारळीकर आणि त्यांचे सहकारी म्हणाले, आधी काच बघा. कंदिलाची काच काजळली तरी दिवा लांब वाटतोच ना? फुटलेल्या ताऱ्यांतून लोखंडासारख्या धातूंच्या मिलिमीटरभर लांबीच्या बारीक सुया अवकाशात पसरल्या असतील, तर त्या उजेड शोषतील. ती सगळीकडची ऊबही याच सुयांनी पसरवलेला ताऱ्यांचा उजेड असेल. आम्हाला हे फार आवडलं. पण आवडणं वेगळं आणि टिकणं वेगळं. त्या उबेतल्या बारीक ठिपक्यांची नक्षी 2003 पासून नीट मोजली गेली. महास्फोटाचं गणित तिच्याशी जुळलं, नारळीकरांच्या बाजूला ते जड गेलं. शिवाय 2005 पासून दीर्घिकांमधल्या एका ठरावीक अंतराचा मोजपट्टीसारखा वापर होतो. तिथे उजेड मंद की प्रखर याचा संबंधच नाही, आणि तरी उत्तर कृष्ण ऊर्जेकडेच जातं. म्हणजे दुसऱ्या वहीतही तोच आकडा.

दुसरे काही म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा नियमच फार लांबवर बदलत असेल. त्यांना 17 ऑगस्ट 2017 चा दिवस महाग पडला. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले. तिथून निघालेली गुरुत्वलहर आणि प्रकाश सुमारे 13 कोटी वर्षांच्या प्रवासानंतर फक्त 1.7 सेकंदांच्या फरकाने पोचले. दोघांचे वेग वेगळे सांगणारे बरेच सिद्धान्त त्या दिवशी गळाले. अशाच लहरी पकडणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. 2023 साली केंद्राने त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले.

आणि 2024-25 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दीर्घिका-मोजणीतून असा इशारा आलाय, की कृष्ण ऊर्जा कायम सारखी नसावी, ती हळूहळू कमी होत असावी. पक्कं नाही, मोजणी चालू आहे. एकीने लगेच विचारलं, "मग सत्तर टक्के खोडणार का?" अजून खोडलेले नाहीत, पण पेन्सिलीने लिहिलेत असं समजा.

पुढच्या बुधवारी पीकविम्याचे अर्ज. सातबारा सोबत ठेवा.