क्लेमॅटिसच्या वेलीची वंशावळ

इंग्लंडमधील एखाद्या चिमुकल्या अंगणात, कुंडीतच वाढलेली, जेमतेम तीन-चार फूट उंचीची क्लेमॅटिसची वेल मोठाल्या फुलांनी डवरलेली पाहिली, म्हणजे ती त्याच भूमीची कन्या असावी असे वाटते. तिची वंशावळ मात्र निराळीच साक्ष देते.

युरोपातील मूळच्या जाती लहान फुलांच्या. मोठ्या फुलांचा वारसा पूर्वेकडून गेला. सिबोल्ट याने सुमारे १८३६ साली ‘पेटन्स’ ही जात जपानहून युरोपात नेली. जपानी भाषेत तिचे नाव ‘भिरभिरे’ अशा अर्थाचे आहे. १८५० साली रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून ‘लॅन्युजिनोसा’ नेली. सरे परगण्यातील वोकिंग येथे जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली या चिनी वेलीचा युरोपीय कुळाशी संकर झाला, आणि १८६२ साली गर्द जांभळी ‘जॅकमनी’ फुलली.

पुढे मर रोगाने या संकरजातींना ग्रासले. बहरलेली वेल एकाएकी माना टाकी. त्यातून माळी शिकले, की रोप दोन-तीन इंच अधिक खोल लावावे, म्हणजे वरचा भाग जळाला तरी मातीखालच्या डोळ्यांतून पुन्हा कोंब फुटतात. मुळांना सावली व शेंड्याला ऊन, हा दुसरा नियम. अलीकडच्या दशकांत गर्न्सी बेटावरील रेमंड एव्हिसन यांनी डेन्मार्कच्या पोल्सेन रोपवाटिकेच्या सहकार्याने बुंध्यापासून फुलणाऱ्या ठेंगण्या जाती सिद्ध केल्या, आणि ही वेल कुंडीत मावू लागली.

आम्हां वकिलांना येथे प्रश्न पडतो तो स्वामित्वाचा. जॅकमन यांचे नाव वेलीला लाभले, ते त्यांच्या श्रमाचे फळ होय. परंतु ज्या जपानी माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या वेली निवडून जोपासल्या, त्यांची नावे कोणत्या दप्तरात आहेत? वाणांविषयीच्या भारताच्या २००१ च्या कायद्याने नवा वाण घडविणाऱ्याबरोबरच जुना वाण राखणाऱ्या शेतकऱ्याचाही हक्क मान्य केला, हे न्यायाला धरूनच झाले.

याच कुळातील मोरवेल आपल्या सह्याद्रीत आहे. तिला रानजाईही म्हणतात. पावसाळा सरता सरता ती कुंपणावर शुभ्र फुलते, आणि आपल्या विलायती बहिणीप्रमाणेच पानाच्या देठांचे वेढे देत वर चढते. थंडीला सरावलेली विलायती वेल कोकणच्या दमट हवेत रुजविण्याचा अट्टहास करण्यापेक्षा, देवळाच्या आवारात एखादी मोरवेल लावावी. आप्ताचा हक्क सांगावयाचा, तर आधी त्याची ओळख तरी पटली पाहिजे.