आमदार मोडकबाई आणि अंगणातली शाळा

तर झालं असं की, गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्या टीममधला साओ पावलोचा एक सहकारी कॉलवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, पोरांच्या शाळेला सुट्टी होती म्हणून घर सांभाळत बसला होता. सुट्टी कसली? तर शिक्षक दिनाची. आपल्याकडे ५ सप्टेंबर, त्यांच्याकडे १५ ऑक्टोबर. सवयीप्रमाणे कॉल संपल्यावर शोधाशोध केली आणि अर्धा तास कामाचं वाटोळं झालं. त्या अर्ध्या तासात एका बाईंची ओळख झाली. अँतोनिएता दी बारोस.

बाईंचा जन्म १९०१ चा, दक्षिण ब्राझीलमधल्या सांता कातारीना राज्यात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली, म्हणजे त्यांच्या जन्माच्या फक्त तेरा वर्षं आधी. आई स्वतः गुलामगिरीतून सुटलेली, लोकांचे कपडे धुऊन घर चालवणारी. पोरगी शिकली, शिक्षिका झाली आणि १९२२ साली निरक्षरांना अक्षरओळख करून देणारा स्वतःचा वर्ग काढला. वर्तमानपत्रांतून लिहायला लागली. १९३२ साली तिथल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला आणि १९३४ च्या निवडणुकीत या बाई राज्याच्या विधानसभेवर निवडून गेल्या. ब्राझीलमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला आमदार. १९३७ साली हुकूमशाही आली, विधिमंडळं बंद झाली, बाई परत शाळेत. युद्धानंतर पुन्हा विधानसभेत आल्या आणि १९४८ साली १५ ऑक्टोबर हा शिक्षक दिन म्हणून पाळायचा राज्याचा कायदा त्यांच्या प्रयत्नातून झाला. १९६३ पासून तो अख्ख्या देशात पाळतात.

हे सगळं वाचून मी रात्री जेवताना आईला सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आमचा दिवस कधी असतो रे?"

आता इथे थोडं घरचं सांगायला पाहिजे. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. आई गावच्या अंगणवाडीत तीस वर्षं होती. सकाळी पोरं घरोघर जाऊन गोळा करायची, गाणी म्हणायची, वजनं करायची, सुकडी नाहीतर खिचडी वाटायची आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात रजिस्टरं भरायची. मला 'अ' तिनेच शिकवला, तोही इतर पंचवीस पोरांच्या घोळक्यात बसवून. पण ५ सप्टेंबरला गावात सत्कार व्हायचा तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा. आई त्या कार्यक्रमात सतरंज्या घालायला असायची. कारण आई शिक्षिका नव्हती. ती 'सेविका' होती.

त्या प्रश्नावर मी काय उत्तर देणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्याकडे कोणी अशी अँतोनिएता झालीच नाही का, हे शोधायला बसलो आणि गंमत म्हणजे थेट आईच्या अंगणवाडीच्या दारातच येऊन पोचलो.

ताराबाई मोडक हे नाव आपण शाळेत कधीतरी ऐकलेलं असतं. शिशुविहार, बालवाडी, कोसबाड... एवढंच. त्या १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या हे मला तरी माहीत नव्हतं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरच्या केळकर, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. पुढच्या वर्षी अमरावतीच्या कृ. वि. मोडक वकिलांशी लग्न. संसार टिकला नाही, १९२१ साली दोघं वेगळे झाले. पदरात लहान मुलगी. आजही अशा बाईला सोसायटीत भाडेकरार करताना चार प्रश्न जास्त विचारतात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची कल्पना करा. ताराबाई राजकोटला बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या भारतीय बाई. चांगला पगार, मान, बंगला. आपल्या भाषेत सांगायचं तर 'सेटल' झाल्या.

आणि मग १९२३ साली त्यांनी ही नोकरी सोडली! कशासाठी? भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून बालमंदिर चालवत होते, त्यांच्याबरोबर अडीच-तीन वर्षांच्या पोरांना शिकवण्यासाठी. प्राचार्यपद सोडून बालवाडी. आजच्या हिशेबात कोणी डायरेक्टरची खुर्ची सोडून इंटर्न व्हावं तसं. गिजुभाई आणि ताराबाईंनी इटलीच्या मारिया माँटेसरींची पद्धत वाचून, समजून, आपल्या मातीत उतरवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या, 'शिक्षणपत्रिका' मराठीत काढली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंतची गोष्ट शहरी आहे. दादरच्या मध्यमवर्गीयांची मुलं, पांढरे स्वच्छ कपडे, लाकडी साधनं. ताराबाई इथेच थांबल्या असत्या तरी नाव झालंच असतं. पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. ही साधनं महाग, ही शाळा महाग, मग खेड्यातल्या पोराचं काय? १९४५ साली वय वर्षं त्रेपन्न असताना त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या (आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो) आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. त्याच वर्षी त्याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. म्हणजे शाळेत येणाऱ्या पोरांचे आईबाप कोणत्या अवस्थेत जगत होते, हे सांगायला नको.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. बालवाडी काढली, पण वाडी-पाड्यावरची पोरं येईनात. आपण असतो तर 'युजर्स ॲडॉप्शन करत नाहीत' म्हणून प्रेझेंटेशन केलं असतं. या बायकांनी शाळाच उचलून पोरांच्या अंगणात नेली. झाडाखाली, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. माँटेसरीच्या महागड्या मण्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. आधी पोरांना आंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं, मग गाणी आणि मोजणी. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी! हा शब्द आणि ही कल्पना तिथली. थोडी मोठी पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसलं, तर शाळा कुरणावर गेली, तिचं नाव कुरणशाळा. १९५७ साली हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर हललं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत काम ओढलं.

आता तारखा जुळवून बघा. बोर्डीचं केंद्र डिसेंबर १९४५ चं आणि आमदारकी १९४६ ची. म्हणजे एकीकडे पाड्यावर पोरांची नखं काढायची आणि दुसरीकडे मुंबईत विधानसभेत बसायचं. पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) होते बाळासाहेब खेर. त्याच सभागृहाच्या काळात, १९४७ साली, सक्तीच्या शिक्षणाची तरतूद असलेला मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला.

त्याच वेळी आमच्या हिंगोलीत काय होतं? निजामाचं राज्य. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात, मराठी माणसाचं वरचं शिक्षण उर्दूतून. आमच्या भागात शिक्षकाचा राजकारणी झालेला माणूस म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, आधी हिप्परग्याच्या शाळेत मुख्याध्यापक आणि मग हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते. आमच्याकडच्या बायकांना विधानसभेसाठी पहिलं मत टाकायला मिळालं ते १९५२ च्या निवडणुकीत. ताराबाईंची आमदारकी तोवर संपलीही होती. अंगणवाडी मात्र कोसबाडहून निघून आमच्यापर्यंत आली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. एवढं 'स्केल' झालेलं दुसरं मराठी प्रॉडक्ट मला तरी आठवत नाही.

मग घोडं अडलं कुठे? माझ्या मते, कायद्यात. १९४७ चा कायदा प्राथमिक शाळेचा. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण ६ ते १४ वयाचा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी घटनेत आलं ते 'राज्य प्रयत्न करील'. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही तीन ते सहा वयोगटासाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' असंच आहे. आम्ही रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये 'शॅल' आणि 'मे' यावरून तासन्‌तास भांडतो, कारण ज्या फीचरसमोर 'मे' लिहिलंय ते कधीच बनत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ज्या वयासाठी ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं, ते वय अजून 'मे' मध्ये आहे. मग त्या वयाला शिकवणारी बाई शिक्षिका कशी ठरणार? ती सेविकाच. तिला पगार नाही, मानधन. केंद्राने २०१८ मध्ये वाढवून ठरवलेला मानधनाचा आकडा महिना ४,५०० रुपये, वर राज्य काय घालेल ते. पेन्शन नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तेव्हा आमच्या ऑफिसात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. (मला होता, पण मीही काही बोललो नाही. हे खरं सांगितलेलं बरं.)

एक बरी बातमीही आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. आणि या बायका वैधानिक काम करतात हे दाखवताना त्याच कलम ११ चा आधार घेतला! म्हणजे 'मे' मधूनही वाट निघू शकते, फक्त कोणीतरी चिकटपणे भांडावं लागतं.

अँतोनिएताबाईंनी विधानसभेत जाऊन शिक्षकांसाठी एक दिवस मिळवला. ताराबाईंनी विधानसभेच्या बाहेर एक अख्खी व्यवस्था उभी केली, पण तिला कायद्याचं छप्पर मिळालं नाही. कोणाचं काम मोठं, असला प्रश्न मला पडत नाही. मला एवढंच वाटतं की एकीला जे जमलं ते दुसरीच्या कामाला हवं होतं.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. अंगणवाडी हा शब्द कुठून आला ते ऐकून ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमची पण आधी झाडाखालीच भरायची की. खोली नंतर मिळाली."

असो. येत्या ५ सप्टेंबरला मी गावी जाणार आहे. गुरुजींच्या सत्काराला एक शाल जास्तीची घेऊन. आईला आधी सांगितलं तर ती नको म्हणेल, म्हणून सांगितलेलं नाही. तुमच्या गावच्या अंगणवाडीतल्या ताईंचं नाव आठवतंय का बघा जरा. मला आधी आईशिवाय दुसऱ्या एकीचंही आठवलं नव्हतं.