नदीचं मूळ शोधताना

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आजचा विषय मात्र मूळ शोधण्याचाच आहे. पाश्चात्त्य संस्कृतीची मुळं, आणि तीही इस्लामी विचारवंतांच्या नजरेतून. म्हणजे म्हण मोडूनच सुरुवात करायची.

आधी एक कबुली देतो. मी अनेक वर्षं पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवलं. क्रम ठरलेला असे : प्लेटो, अॅरिस्टॉटल, मग एकदम थॉमस अॅक्विनास, मग देकार्त. एकदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, अॅरिस्टॉटल इसवीसनापूर्वी ३२२ मध्ये गेला. अॅक्विनास तेराव्या शतकातला. मधल्या दीड हजार वर्षांत त्याची पुस्तकं कुणाच्या घरी होती?" वर्ग हसला, मीही हसलो आणि वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे. फार उशिरा, पण देतो आहे.

काही पुस्तकं कॉन्स्टँटिनोपलला होती, मूळ ग्रीकमध्ये. तर्कशास्त्राचा थोडा भाग बोएथियसने सहाव्या शतकात लॅटिनमध्ये आणला होता, तो पश्चिम युरोपकडे होता. पण ही पुस्तकं वाचणं, त्यांवर वाद घालणं, त्यांत भर टाकणं, हे जिवंत काम नवव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर बगदादमध्ये चाललं होतं. ते करणारे सगळे मुसलमान होते का? नाही. हुनैन इब्न इस्हाक हा सर्वांत नावाजलेला भाषांतरकार, तो ख्रिस्ती होता. साबित इब्न कुर्रा हर्रानचा साबियन. भाषा अरबी, आश्रय खलिफांचा आणि बगदादच्या श्रीमंतांचा, आणि माणसं नाना धर्मांची.

या ग्रीक विद्येकडे इस्लामी विचारवंत कसे बघत होते? अल्-किंदी म्हणतो, सत्य दूरच्या, परक्या लोकांकडून आलं तरी ते स्वीकारायला लाज वाटू नये. पुढे बाराव्या शतकात इब्न रुश्द न्यायाधीशाच्या भाषेत तेच मांडतो. कुर्बानीची सुरी चांगली असेल, तर ती आपल्या धर्माच्या माणसाची की परक्याची, हे कुणी विचारत नाही. तर्कशास्त्र ही तशीच सुरी आहे. उसनवारी मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, हे लक्षात ठेवा.

आता तोलेदोला जाऊ. स्पेनमधल्या या शहरात साइद अल्-अंदलुसी नावाचा काझी होता. १०६८ मध्ये त्याने जगातल्या राष्ट्रांवर एक ग्रंथ लिहिला. विद्येची जोपासना करणारी आठ राष्ट्रं त्याने मोजली : हिंदी, पर्शियन, खाल्डियन, ग्रीक, रोमन, इजिप्शियन, अरब आणि ज्यू. यादीत पहिलं नाव हिंदुस्थानचं, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. थोडं थांबा. दूर उत्तरेकडच्या लोकांविषयी तो काय म्हणतो? त्यांच्याकडे सूर्याची ऊब पोचत नाही, हवा थंड, त्यामुळे बुद्धी मंद; त्यांच्याकडून विद्येची अपेक्षा नाही.

पुढे काय झालं बघा. १०८५ मध्ये तोलेदो ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो याच्या ताब्यात गेलं. ग्रंथ तिथेच राहिले. बाराव्या शतकात इटलीतून जेरार्ड ऑफ क्रेमोना टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' शोधत तोलेदोला आला, अरबी शिकला आणि तिथेच राहून त्याने सत्तरहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. त्यांत इब्न सीनाचा वैद्यकावरचा 'कानून' होता, अल्-ख्वारिज्मीचं बीजगणित होतं. 'अल्जिब्रा' हा शब्द त्या ग्रंथाच्या नावातून आला आणि 'अल्गोरिदम' हा लेखकाच्या नावातून. भारतातले अंकही अरबीच्या वाटेनेच युरोपात पोचले. हवामान तेच, थंडी तीच. पण ज्यांच्याकडून साइदला अपेक्षाच नव्हती, त्या उत्तरेत पॅरिस आणि ऑक्सफर्डची विद्यापीठं उभी राहिली.

आता इब्न रुश्द. कोर्दोबात जन्म ११२६ चा. अॅरिस्टॉटलवर त्याने इतकी भाष्यं लिहिली, की लॅटिन जग त्याला नुसतं 'भाष्यकार' म्हणू लागलं. शंकराचार्यांना आपण भाष्यकार म्हणतो ना, तोच मान. ११९५ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला हद्दपार केलं, तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली. इकडे पॅरिसमध्ये अॅक्विनासने १२७० मध्ये इब्न रुश्दच्या अनुयायांविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि १२७७ मध्ये तिथल्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली. त्यांतली बरीच याच विचारांशी जोडलेली होती. म्हणजे दोन्हीकडे सनातनी होते आणि दोन्हीकडे वाचणारेही होते. त्याचं प्लेटोच्या 'रिपब्लिक'वरचं भाष्य आज मूळ अरबीत नाही, ते टिकलं हिब्रूत. ग्रीक ग्रंथ, मुसलमान भाष्यकार, ज्यू भाषांतरकार, आणि पुढे लॅटिन वाचक. या ग्रंथाचं मूळ कुणाचं, सांगा बरं!

साइदची चूक युरोपनेही केली. १८८३ मध्ये एर्नेस्ट रेनाँने सॉर्बोनमध्ये व्याख्यान दिलं : इस्लाम आणि विज्ञान यांचं जमत नाही, आणि अरबांची प्रकृतीच तत्त्वज्ञानाला अनुकूल नाही. साइदने हवामानाला दोष दिला, रेनाँने धर्माला आणि वंशाला. काही काळ हैदराबादला राहिलेला जमालुद्दीन अल्-अफगाणी तेव्हा पॅरिसमध्ये होता. त्याने उत्तर दिलं. धर्मसत्तेने विद्या दडपली, हे त्याने नाकारलं नाही. पण ख्रिस्ती समाजही याच अवस्थेतून गेला, इस्लाम तर वयाने कित्येक शतकं लहान आहे, मग आशा का सोडायची, असं तो म्हणाला. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. स्वतःची बाजू घेताना त्याने स्वतःचे दोष लपवले नाहीत.

तेव्हा दोन गोष्टी म्हणू नका. ग्रीसमधून थेट लंडन-पॅरिसला रस्ता गेला, मधे वाळवंट होतं, हे म्हणू नका. आणि 'सगळं त्यांनी आमच्याकडूनच नेलं' हेही म्हणू नका. व्हेनिसच्या जेम्सने आणि मोएरबेकेच्या विल्यमने अॅरिस्टॉटल थेट ग्रीकमधूनही आणला होता. शिवाय घेणाऱ्याने घेतलेल्याचं काय केलं, यालाही किंमत असते. हे दुसरं वाक्य आपल्या देशातही रोज ऐकू येतं, म्हणून जरा जोर देऊन सांगतो.

म्हण बहुधा शहाणी आहे. नदीचं मूळ शोधायला गेलात तर एक मूळ सापडत नाही, ओढे सापडतात. आणि ज्याने आपल्या नदीला दुसऱ्याचं पाणी मिळू द्यायचं नाही असं ठरवलं, त्याची नदी आटते. कोर्दोबात पुस्तकं जळली, तेव्हा नुकसान पॅरिसचं नाही झालं, कोर्दोबाचं झालं.

ती विद्यार्थिनी आज कुठे आहे, मला माहीत नाही. हे ऐकत असेल, तर तिला सांगायचं आहे : बाई, पुस्तकं पुष्कळांच्या घरी होती, आणि ज्या घराने दार उघडं ठेवलं त्या घरी ती वाढली. तुझा प्रश्न बरोबर होता. माझा अभ्यासक्रम चुकला होता.

आता तुमचे प्रश्न घेऊ.