मुंबईंतील गरिबांचीं घरें आणि सरकारी पैसा



गरिबाच्या घरासाठीं सरकारनें पैसा द्यावा, ही कल्पना आज सर्वमान्य आहे. मुंबईंत मात्र ती दयेपोटीं नव्हे, तर भयापोटीं रुजली. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेगनें डोकें वर काढलें आणि कोंदट चाळींतील रोग श्रीमंतांच्या दारींही येऊं शकतो, हें राज्यकर्त्यांस उमगलें. १८९८ सालीं कायद्यानें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्ती पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. कांहीं चाळीही बांधल्या. पण उठविलेलीं बिऱ्हाडें बहुधा शेजारच्याच गर्दींत शिरलीं.

दुसरा प्रयत्न अधिक मोठा होता. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत विकास खातें निघालें. ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. खर्चासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया कर बसला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाइल रोड येथें २०७ चाळी मिळून सुमारें १६,००० खोल्या झाल्या. भाडें खर्चाच्या मानानें कमी ठेवलें होतें. तथापि वरळीच्या पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षें ओस राहिल्या. पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दारांत हजर व्हावयाचें, उधार देणारा वाणी आणि गांवकऱ्यांची खानावळ जवळ हवी. असा कामगार दूर कां जाईल? पुढें १९३० च्या सत्याग्रहांत सरकारनें वरळीच्या चाळींत तुरुंग उघडला. कामगारांसाठीं बांधलेल्या खोल्यांत देशभक्त कैदी राहिले!

स्वराज्यांत अडचण निराळी झाली. १९४७ च्या कायद्यानें भाडें गोठलें. गरिबाचें छप्पर राहिलें, पण मालकानें डागडुजी सोडली. म्हणून १९६९ च्या कायद्यानें जुन्या इमारतींवर दुरुस्ती-कर बसवून त्यांत शासनानें आपली भर घातली. डिसेंबर १९८५ मध्यें पंतप्रधान राजीव गांधी यांनीं मुंबईसाठीं १०० कोटी रुपयांचें अनुदान जाहीर केलें. त्यांतील ३७ कोटी धारावीस आणि ४१ कोटी मोडकळीस आलेल्या इमारतींस मिळावयाचे होते. २६६ जुन्या इमारतींच्या जागीं ६६ नव्या उभ्या राहिल्या. त्यांतील गाळे सुमारें १८० चौरस फुटांचेच होते. आज त्याच इमारतींतील अनेक जीर्ण होऊन पुन्हां बांधण्याच्या रांगेंत आल्या आहेत.

या इतिहासांत पैसा अजिबात नव्हता, असें कोणत्याच वेळीं झालें नाहीं. उणीव राहिली ती निराळ्या ठिकाणीं. अनुदान एकदांच येतें. घर मात्र रोज राखावें लागतें. कागदावर खोल्या मोजल्या गेल्या. तेथें राहणाऱ्याचा कामधंदा कोठें आहे आणि दहा वर्षांनीं गळकी गच्ची कोणाच्या पैशानें दुरुस्त व्हावयाची, याचा हिशेब कच्चाच राहिला.

ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या त्याच चाळींतील ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्यांचा आनंद रास्तच आहे. आतां त्या उंच इमारतींतील लिफ्ट आणि पाण्याचे पंप यांचा दरमहाचा खर्च एखाद्या गिरणीकामगाराच्या विधवेसही झेपेल, अशी तजवीज कायम राहिली पाहिजे. तसें झालें, तरच शंभर वर्षांचा हा खटाटोप फळास आला, असें म्हणतां येईल.