डीएनएझाइम आणि धातूंचे आयन : प्रस्तावना

न्यूक्लिक आम्लांचे रसायनशास्त्र पदवीला शिकलेल्या, पण डीएनएकडे उत्प्रेरक म्हणून कधी न पाहिलेल्या वाचकासाठी हे पुस्तक आहे. सांगली, मिरज, कोल्हापूरच्या महाविद्यालयांतून असे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. त्यांनी या विषयात यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

डीएनए माहिती सांभाळतो आणि रासायनिक कामे प्रथिने करतात, असे आपण शाळेपासून शिकत आलो. टॉमस चेक यांनी १९८२ मध्ये स्वतःला कापणारा आणि जोडणारा आरएनए दाखवला. पाठोपाठ सिडनी ऑल्टमन यांनी आरएनेझ-पी या एन्झाइमचे खरे काम त्यातला आरएनएच करतो, हे सिद्ध केले. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. तरी डीएनएकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. निसर्गात तो बहुधा दुपेडी असतो, आणि आरएनएच्या साखरेवरचा जो हायड्रॉक्सिल गट अनेक अभिक्रियांत कामी येतो, तोही त्याच्याकडे नसतो.

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत रोनाल्ड ब्रेकर आणि जेरल्ड जॉयस यांनी एकावर चौदा शून्ये मांडावीत इतके एकपेडी डीएनए रेणू घेतले. प्रत्येकात पन्नास जागांचा क्रम यादृच्छिक होता आणि एकच दुवा आरएनएचा होता. रेणूंची टोके बायोटिनने स्तंभाला बांधून त्यांवरून शिशाचे आयन असलेले द्रावण सोडले. ज्यांना तो दुवा तोडता आला ते सुटून खाली आले. त्यांच्या प्रती वाढवून पुन्हा तीच परीक्षा घेतली. पाच फेऱ्यांत पहिला डीएनएझाइम हाती आला.

शिसेच का घेतले, या प्रश्नापासून आपल्या विषयाला सुरुवात होते. शिशाला जोडलेल्या पाण्याचा पीकेए ७.७ च्या आसपास असतो, मॅग्नेशियमला जोडलेल्या पाण्याचा ११.४ च्या आसपास. म्हणजे उदासीन द्रावणातही शिशाजवळ हायड्रॉक्साइड बऱ्यापैकी तयार असतो आणि तो शेजारच्या गटाचा प्रोटॉन काढून घेऊ शकतो. प्रथिनांकडे यासाठी हिस्टिडीन आहे, लायसिन आहे, सिस्टीन आहे. डीएनएकडे चारच बेस आणि प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋणभार. त्या ऋणभारांमुळे साखळीचे भाग एकमेकांना दूर लोटतात. धनभारित आयन जवळ आले की हा दुरावा कमी होतो, साखळीला घडी पडते आणि मगच अभिक्रियेची जागा आकाराला येते. घडी घालणारा आयन आणि अभिक्रियेत उतरणारा आयन एकच असतो का, याचे उत्तर प्रत्येक डीएनएझाइमसाठी वेगळे शोधावे लागते. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत कसदार प्रश्न हाच.

८-१७ या डीएनएझाइमची हकीकत त्यासाठी सविस्तर वाचावी. सँटोरो आणि जॉयस यांनी तो १९९७ मध्ये मॅग्नेशियम देऊन निवडला. त्याआधी १९९६ मध्ये फाउलहामर आणि फामुलोक हिस्टिडीनची मदत घेणारा डीएनए शोधत होते. त्यांच्या हाती कॅल्शियमवर चालणारा रेणू आला आणि त्याचा गाभा याच घराण्यातला निघाला. पुढे इलिनॉय विद्यापीठात यी लू यांच्या गटाने जस्त देऊन निवड केली, तेव्हाही तोच गाभा वर आला. आणि या सगळ्यांत तो सर्वाधिक वेगाने चालतो शिशावर! २०१७ मध्ये त्याची स्फटिकरचना मिळाली. तिच्यावरून असे सुचते, की प्रोटॉन काढण्याचे काम एक ग्वानीन करतो आणि शिशाला जोडलेले पाणी आम्लाची भूमिका घेते. शिशाचा हायड्रॉक्साइड प्रोटॉन ओढतो, हे वर दिलेले सरळ चित्र इथे अपुरे पडते. वाचकाने ते चित्र शिकावे, पण पुढच्या प्रकरणांत त्याला प्रश्नही विचारावेत.

स्कॉट सिल्व्हरमन यांच्या गटाने २००९ मध्ये खुद्द डीएनएचे जलविघटन करणारा डीएनएझाइम सादर केला. त्याला मँगनीज आणि जस्त दोन्ही लागतात. या जोडीचे प्रकरण अवघड आहे. घाई करू नये.

औषधांविषयी मी थोडे हात राखून लिहिले आहे. १०-२३ हा डीएनएझाइम नको असलेले आरएनए कापील, अशी मोठी आशा होती. पण पेशीत मोकळे मॅग्नेशियम जेमतेम अर्धा ते एक मिलिमोलर असते आणि प्रयोगशाळेत बहुधा त्याच्या कितीतरी पट देतात. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय यशाचे दावे वाचू नयेत.

संवेदकांच्या बाबतीत मात्र मला खरी उमेद वाटते. लू यांच्या गटाने २००० मध्ये ८-१७ च्या दोन टोकांना प्रदीप्त आणि प्रदीप्ती शमवणारा असे दोन रेणू जोडले. शिसे आले की साखळी तुटते आणि उजेड दिसतो. २००७ मध्ये अशाच एका डीएनएझाइमने युरेनिल आयन पिकोमोलर पातळीवर ओळखला.

माधवनगरात बसून हे लिहिताना शेजारच्या सांगलीची हळद आठवणे साहजिक आहे. एकेकाळी हरिपूरच्या पेवांत साठवली जाणारी, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद आहे. तिचा पिवळेपणा हीच तिची पत; आणि त्याच पिवळेपणाची नक्कल लेड क्रोमेट करते. बांगलादेशात २०१९ मध्ये तपासलेल्या बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत ही भेसळ आढळली. सरकारने कडक कारवाई केली, हातात धरण्याजोगी क्ष-किरण यंत्रे वापरली आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आणले. ती यंत्रे महाग असतात. अडत दुकानात ठेवता येईल अशी स्वस्त डीएनए-पट्टी करता आली तर तिचा उपयोग फार मोठा आहे.

अडचणी खऱ्या आहेत. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आम्लात विरघळवावे, तर डीएनएझाइमसाठी ते द्रावण पुन्हा उदासीन करावे लागते. शिवाय हळदीतला कर्क्युमिन स्वतः प्रदीप्त होतो आणि धातूंचे आयन धरूनही ठेवतो, त्यामुळे उजेड शिशाचा की हळदीचा हे कळत नाही. नमुना आधी तापवून कर्क्युमिन नष्ट करावा, की कर्क्युमिनच्या प्रकाशापासून दूर, तांबड्या भागात चमकणारा रेणू जोडावा? शेवटच्या प्रकरणातले प्रयोग याच दोन वाटांनी मांडले आहेत. त्यांतली पहिली वाट पदव्युत्तर प्रयोगशाळेतल्या साधनांनी तपासता येईल.

माधवनगर, जि. सांगली